मामानं रंगवलेली निळी बाई

आईच्या उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूनं आधीच गेली होती. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "आहे तोवर आहे, भरवसा नाही." दवाखान्याबाहेर आल्यावर ती पायरीवरच थांबली. मग म्हणाली, "मले भाऊचं ते चित्र पाह्याचं आहे."

मामाचं नाव आमच्या घरात निघत नसे. तिचा हा थोरला भाऊ नाचणगावातून निघून चित्रकार झाला. माणसं मोडूनतोडून, भलत्याच रंगांत रंगवायचा. आजीला जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा नागपूरला त्याचं प्रदर्शन पाहून आलेल्या एका पाहुण्यानं आईला सांगितलं, "तुह्या भावानं तुमच्या मायचं चित्र काढलं. तोंडच नाई, पाठ उघडी, अंग निळं." मामा पुढं भेटायला आला तर आईनं त्याला दारातूनच परतवून लावलं. चित्र तिनं पाहिलंच नव्हतं. तो पुन्हा आला नाही. तो वारला तेव्हा आई गेली नाही. त्याच्या मित्रांनी चित्रं वर्ध्याच्या दोन संग्रहालयांना दिली, एवढं मी पेपरात वाचलं होतं.

आम्ही दवाखान्यातूनच तिकडं निघालो. पहिल्या संग्रहालयात मामाची दोन चित्रं होती, एकात नुसती छपरं, दुसऱ्यात बैल. आई काचेला नाक लावून पाहत होती. "हे नाई," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या संग्रहालयात पोचलो तर त्या दालनाला कुलूप. छताचं काम निघालं होतं.

"पुढच्या महिन्यात या, मॅडम," तिथले अधिकारी म्हणाले.

"पुढच्या महिन्यात मले दिसन का, साहेब?" आईनं विचारलं.

ते तिच्या डोळ्याकडे बघत राहिले आणि किल्ली घेऊन उठले.

मला वाटत होतं, कुलूप निघूच नये. त्या चित्रासमोर ती काय करेल, कोणाला काय बोलेल, मला अंदाज नव्हता. आत प्लास्टिकनं झाकलेली चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांनी एकेक झाकण काढायला सुरुवात केली. शेवटून दुसरं तेच निघालं. वाकून कापूस वेचणारी बाई, पाठमोरी, निळीशार. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठ उघडी. खाली पट्टीवर लिहिलं होतं, 'वेचणी'.

आई खाली बसली आणि तिनं थेट चित्राला हात लावला.

"अहो, हात नका लावू!" साहेब धावले. मी मध्ये उभी राहिले.

आई बोटानं बाईचा हात चाचपत होती. "हे माय नोहे," ती म्हणाली. "डाव्या हातानं वेचून राह्यली ना? माय उजव्या हाताची. हे मी आहो."

तिचं बोट आता उघड्या पाठीवर गेलं.

"झंपर फाटला होता माहा. भाऊ बांधावर बसून चित्र काढे, अन् मी एकटी वेचू. मले राग ये. म्हटलं, माहं तोंड काढशीन तं पाहाजो." मग चित्राजवळ तोंड नेऊन, "निळी काऊन केली, ते त्यालेच ठाऊक."

साहेबांनी खुर्ची आणून दिली. ती बसली नाही. पदर डोळ्याला लावून, पुन्हा काढून, पुन्हा बघत राहिली. शेवटी त्यांनीच हळूच प्लास्टिक ओढलं.

बसस्टँडवर येईपर्यंत तिचा राग परत आला. "एकडाव तरी सांगाचं ना त्यानं! मले वाटलं माय काढली."

तू सांगू कुठं दिलंस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आमची पुलगावची गाडी लागली होती आणि गर्दी दाराशी ढकलत होती. आईला पायरी दिसेना. मी आधी चढले, वाकून तिचा हात धरला आणि तिला वर घेतलं.