तार तुटली, तरी बापूंचं मशीन चालू होतं

मीटर दाखवेल तेवढंच खरं मानणारी मी. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून जाते. तरी हे लिहितेय, कारण हे मी स्वतः पाहिलंय...

बीडला एका सोलर कंपनीत मी टेक्निशियन आहे. गेवराई तालुक्यात, उमापूरच्या पुढे नदीकाठी अकरा घरांची एक वस्ती आहे. पावसाळ्यात नदीच्या पाण्याचा फुगवटा चढला की तिचं बेट होतं. तिथे महावितरणची लाईन नाही. शाळेच्या छतावर पॅनल, खाली खोलीत बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर – त्यावरच सगळी वस्ती चालते.

गेल्या श्रावणात सकाळी वस्तीतल्या सुमनवहिनींचा फोन आला. त्यांचे सासरे, बापू, दिवसरात्र ऑक्सिजन मशीनवर असतात.

"ताई, पाटेपासून समद्या वस्तीची लाईट गेलीय. बापूंचं मशीन तेवढं चालू हाय. लवकर या, लई भ्या वाटतंय."

होडीतून उतरेपर्यंत अकरा वाजले. बॅटरीची मेन केबल उंदरांनी कुरतडून पार तोडली होती. इन्व्हर्टर मेलेला.

मग मशीन कशावर चालू होतं?

धावतच घरात गेले. मशीनची घरघर ऐकू येत होती. नाकात नळी घालून बापू खाटेवर निवांत बसलेले. बोर्डाला टेस्टर लावला – पेटला नाही. मीटर लावलं – शून्य. त्या मशीनला स्वतःची बॅटरी नाही, हे मला पक्कं माहीत... मीच तर बसवून दिलं होतं.

प्लग काढून बघावा म्हणून हात पुढे केला, तर वहिनींनी मनगट धरलं.

"नका ताई! कावून चाललंय ते मागून बगू. आदी तार जोडा."

जोडली. इन्व्हर्टर सुरू झाला, आणि तिकडून वहिनी ओरडल्या, "थांबलं! ताई, मशीन थांबलं!"

मी पोचेपर्यंत ते पुन्हा सुरू होत होतं. नव्याने लाईट आल्यावर देतं तशी लांब शिट्टी देऊन.

"तुला येवढं धापायला काय झालं?" बापू मला म्हणाले. "मला तर सकाळपासून दम लागलाच न्हाई."

बीडला आमच्या सरांना सांगितलं. "जवळच्या कुठल्यातरी तारेतून इंडक्शनने करंट उतरला असेल," ते म्हणाले.

"सर, सहा तास?"

"जॉब कार्ड भरून टाक," ते म्हणाले.

जॉब कार्डावर दहा घरांपुढे सप्लाय बंद झाल्याची वेळ लिहिली – पहाट. बापूंच्या घरापुढचा रकाना मात्र मी कोराच सोडलाय.