निळ्या फ्रॉकचा तुकडा

तुमच्या पोराला शाळेतून न्यायला आज एखादा अनोळखी माणूस गेला आणि म्हणाला, "चल, घरूनच पाठवलंय मला," तर पोर काय करेल? लगेच उत्तर देऊ नका. "आमचं पोर हुशार आहे" असं सगळेच म्हणतात. टाचणी तसं म्हणत बसली नाही. तिनं कात्री घेतली.

टाचणी म्हणजे कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवणारी बाई. अंगानं काडी, बोलणं टोचरं, म्हणून हे नाव. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, घरी पाहुण्यासारखा येतो. लेक दुसरीत, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. सकाळची लढाई टाचणी आदल्या संध्याकाळीच जिंकून ठेवते. गणवेश, आतले कपडे, मोजे, सगळ्यांची मिळून एक वळकटी. भिंगरी झोपेतसुद्धा ती सोडून अंगावर चढवेल. एक स्टिकर मधोमध कापून अर्धा या बुटात, अर्धा त्या बुटात. चित्र जुळलं की बूट बरोबर पायांत. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर नखांच्या रंगाची लाल रेघ आहे. मोठा काटा रेघेवर आला की दोघी दाराबाहेर. "मी ओरडत नाही," ती सांगते, "घड्याळ ओरडतं. त्याचा घसा बसत नाही."

तसाच हा तुकडा. भिंगरीचा निळा फ्रॉक लहान झाला, तेव्हा त्यातला एक तुकडा तिनं मुद्दाम वेडावाकडा कापून त्याचे दोन केले. एक दप्तराच्या झाकणाच्या आत शिवला, दुसरा शेजारच्या काकूला दिला. शाळेतून रोज काकूच आणायची. तिच्या जागी दुसरं कुणी आलं, तर त्यानं तुकडा दाखवायचा. कडा जुळल्या तर जायचं, नाहीतर शाळेचं दार सोडायचं नाही. तुकड्याशेजारी लाल दोऱ्यानं फोन नंबरही शिवलेला.

एवढी चोख बाई, पण तिथं चुकली. नंबर स्वतःचा शिवला. आणि तिचा फोन दिवसभर असायचा कुठे? कारखान्याच्या गेटावर, लोखंडी पेटीत. आत शिरताना सगळ्या बायकांचे फोन त्या पेटीत जातात आणि कुलूप उघडतं ते थेट सुट्टीलाच. का, तर बायका फोनवर बोलत बसल्या तर कॉलरी कोण शिवणार.

मी या बायकांच्या युनियनचं काम करते, त्या दिवशी गेटावरच होते. बायकांच्या संडासाला आतून कडी बसवा, एवढं सांगायला आलेल्या मला मॅनेजरनं उन्हात ताटकळत ठेवलं होतं. आणि पेटी बोलायला लागली.

"आई, फोन उचल. आई, फोन उचल."

टाचणीनं रिंगच्या जागी लेकीचा आवाज भरला होता, हे मला ठाऊक होतं. आवाज थांबला. परत सुरू झाला. थांबला. परत.

"कुणीतरी सारखं लावतंय," मी वॉचमनला म्हटलं.

"रोजच वाजतात. फोनांची पेटी आहे बाई, वाजणारच." त्यानं मानही वर केली नाही.

"उघड."

"सुट्टीशिवाय नाही. साहेबांचा नियम आहे."

"तुला लेकरं आहेत?"

"दोन."

"त्यातल्या एकाचा आवाज आतून आला असता, तर साहेबाला विचारायला गेला असतास?"

त्यानं एकदा ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. मग किल्ली काढली. "नोकरी गेली तर तुमच्या घरी जेवायला येईन."

"ये. भांडी घासावी लागतील."

फोनवर शाळेची शिपाईबाई होती. "भिंगरीची आई ना? अहो, किती वेळ लावतेय मी. एक माणूस आलाय न्यायला. म्हणतो, काकू जिन्यावरून पडली, दवाखान्यात नेलंय, मी तिचा भाचा. पोरीचं, तुमचं, सगळ्यांची नावं सांगतोय. पण ही दाराचे गज सोडत नाही. सगळे गेलेत, मला कुलूप लावायचंय. देऊ का?"

"तुकडा आणलाय त्यानं?"

"कसला तुकडा? पोरगीही तेच विचारतेय."

मागून पुरुषाचा आवाज आला. "अहो, एका चिंधीसाठी किती वेळ उभा राहू? द्या इकडे तिला."

"आई येईपर्यंत द्यायची नाही," मी सांगितलं. "दिलीत, तर मी तुमच्या दारात येऊन उभी राहीन. आणि मी उभी राहिले की सहज हलत नाही."

मी सरळ आत घुसले. मशिनांच्या खडखडाटात टाचणीच्या कानात सगळं सांगितलं. तिनं मशीन थांबवलं, हातातली कॉलर बाजूला केली, सवयीनं दोरा कापला आणि उठली. सुपरवायझर आडवा आला.

"गेटपास?"

"नाही."

"मग उद्या यायचं नाही."

"उद्याचं उद्या बघू. आज वाटेतून व्हा."

माझ्या खटारा स्कूटरवर मागे बसून ती वाटेत एकच वाक्य बोलली. "काकू कुणाला पाठवेल, तर तुकड्याशिवाय पाठवणार नाही." मी स्कूटरचा कान पिळला.

शाळेच्या दारात माणूस भिंगरीच्या दंडाला धरून उभा होता आणि शिपाईबाई दोघांच्या मध्ये. भिंगरीनं दोन्ही हात गजांमध्ये अडकवलेले, दप्तराचं झाकण उलटं, निळा तुकडा बाहेर. रडून झालेलं होतं. टाचणीनं आधी त्या माणसाचा हात उचलून बाजूला केला.

"आई, याच्याकडे तुकडा नाही."

"माहीत आहे. सोड आता."

सुटेनात. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

माणूस खरा निघाला. काकूचा पाय मोडला होता. स्ट्रेचरवरून तिनं "भिंगरीला आण" एवढंच सांगितलं, आणि तुकडा राहिला तिच्या स्वयंपाकघरातल्या पर्समध्ये. तो भडकला होता. "मी काय पोरं पळवणारा दिसतो?"

"नाही दिसत," टाचणी म्हणाली. "पळवणाराही दिसला नसता, दादा. म्हणून तर तुकडा."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं तिला गेटावर अडवलं. तेव्हा तिच्या मागच्या बाईनं फोन पेटीत टाकला नाही. तिच्या मागचीनंही नाही. सगळ्या फोन हातात धरून उभ्या राहिल्या. मी घोषणेसाठी तोंड उघडणार, तर टाचणीनं मलाच दटावलं, "ताई, आज नको. आज नुसत्या उभ्या राहू." आत मशिनं गप्प, बाहेर माल न्यायला आलेला ट्रक. सुपरवायझर आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. शेवटी आला तो टाचणीकडे न बघता म्हणाला, "चला, कामाला लागा."

आता वॉचमनच्या टेबलावर एक फोन असतो आणि तो उचलायचं काम त्याचंच आहे. त्याचा नंबर लाल दोऱ्यानं कितीतरी दप्तरांवर शिवलाय. संडासाची कडी अजून बसायची आहे, तिचंही बघते मी.

तुम्ही एवढं करा. पोराच्या दप्तरावर जो नंबर आहे, तो कामाच्या वेळी एकदा लावून बघा, कुणी उचलतं का. आणि तुमच्या हाताखालच्या माणसांचे फोन तुम्ही पेटीत ठेवत असाल, तर पेटी वाजली की आधी ती उघडा. नियम मागाहून वाचा.