पाकिटावरचा गोल शिक्का

देशोदेशींच्या परिषदांत मी एचआयव्हीबाधितांच्या गोपनीयतेवर व्याख्याने दिली. आणि ती गोपनीयता सोलापुरात, माझ्याच विभागातून, माझ्याच आदेशाने फुटली. हे लेखी राहावे, म्हणून येथे नोंदवतो.

जावक क्रमांक आणि विभागाचा गोल शिक्का नसलेले पत्र मला पत्रच वाटत नसे. आमच्या समाजसेविका बाई संशोधनातील सहभागींना तपासणीची आठवण कोऱ्या पाकिटातून पाठवीत. मी त्यांना खडसावले, "बाई, चिठ्ठ्या कसल्या पाठवता? ही संस्था आहे."

"सर, पाकीट मुद्दामच कोरं ठेवते."

मी ऐकले नाही. शिक्का पडू लागला. त्यात 'एचआयव्ही संशोधन' ही अक्षरे होती.

असे एक पाकीट चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात गेले. माळशिरसकडची एक विधवा तेथे शिलाईवर होती. खोलीवर आलेले पत्र घरमालकीण फोडते, म्हणून तिने कारखान्याचा पत्ता दिला होता. पाकीट दिवसभर गेटवरच्या टेबलावर पडून राहिले. चौथ्या दिवशी तिला सांगण्यात आले, उद्यापासून येऊ नका.

ती विभागात आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. "सायेब, सात वर्सं कुनाला कळू दिलं न्हाय मी. तुमी एका शिक्क्यात सांगून टाकलं की."

तिला विचारून मी कारखान्याच्या व्यवस्थापकाला लिहिले: केवळ एचआयव्ही आहे म्हणून कोणालाही कामावरून काढण्यास कायद्याने मनाई आहे, तिच्यापासून इतरांना धोका आहे किंवा ती कामास अपात्र आहे, असा स्वतंत्र तज्ज्ञाचा लेखी अहवाल असल्यास सादर करावा. उत्तर नाही. दुसरे पत्र लिहिले, तिसरे लिहिले. मग फोन आला. "डॉक्टर, बोभाटा तुमच्या पाकिटानं केला. कायदा आम्हाला कशाला शिकवता?"

संतापाने मी फोन आपटला. पण त्याचे पहिले वाक्य खरे होते. त्याच दुपारी तिच्या संमतीने एचआयव्ही कायद्याखाली नेमलेल्या लोकपालांकडे करावयाची तक्रार लिहिली. तिचे नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. प्रतिवादी क्रमांक एक: मी स्वतः. क्रमांक दोन: कारखाना.

बाई मसुदा वाचून म्हणाल्या, "सर, निवृत्तीला वर्ष राहिलंय. पुढचा प्रकल्प हातचा जाईल."

"जाऊ द्या. जावक क्रमांक घाला. पाकीट मात्र कोरं."

तक्रारीची प्रत पोहोचताच कारखान्याने तिला परत बोलावले. रुजू झाल्यावर ती एकदाच आली, संशोधनातून नाव काढायला. "गोळ्या दवाखान्यातनं घेतेच की. पन हितं न्हाय येनार आता."

अर्जावर 'कारण' या रकान्यात बाईंनी नेहमीप्रमाणे 'वैयक्तिक' लिहिले होते. ते खोडून मी लिहिले, 'प्रमुख संशोधकाकडून गोपनीयतेचा भंग', आणि खाली सही केली.

ती कामावर परतली, आता तक्रार मागे घ्या, असे व्यवस्थापकाने सुचवले. कारखान्याविरुद्धचा भाग तिच्या इच्छेनुसार मागे घेतला. माझ्याविरुद्धचा कायम आहे. सुनावणीला मी वकील न घेता जाणार आहे.