फॉर्मल नाईटचा पाला

"हे तुझं," म्हणत वहिनींनी पिशवी माझ्या मांडीवर टाकली.

जळगावात मेहरूणला, तलावाच्या बाजूला शेठचा बंगला आहे. शेठ म्हणजे बियाण्यांचे डिस्ट्रिब्युटर. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतल्या दुकानांना कंपनीचा माल त्यांच्याच गोडाऊनमधून जातो. वहिनी म्हणजे त्यांच्या मिसेस. त्या दिवशी त्यांच्या हॉलमध्ये डीलरांच्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्यात मी एकटीच स्वतः डीलर. आमच्याकडे दुकान मी चालवते, नवरा शाळेत मास्तर आहे. पण तिथे मलाही मिसेसमध्येच धरलं होतं. फरक एवढाच, की बाकी सगळ्यांना वहिनी "अहो" म्हणत होत्या आणि मला "अगं".

मी पिशवी उघडली. आत हिरव्या प्लास्टिकच्या पानांचा घागरा होता. कोंबडीच्या रंगवलेल्या पिसांचा मुकुट. हाडांची माळ, तीही प्लास्टिकचीच. वर भाड्याने ड्रेस देणाऱ्या दुकानाची चिठ्ठी टाचलेली: आदिवासी, लेडीज. आणि तळाशी काळ्या रंगाची ट्यूब.

वहिनींनी ती ट्यूब उचलली, सगळ्यांना दाखवली. "ही परत देऊन टाकू. हिला कशाला लागतेय!"

सगळ्या हसल्या. पोट धरून हसल्या. एकीला ठसका लागला, तर तिला पाणी मीच दिलं.

यंदा चांगला धंदा केलेल्या डीलरांना कंपनी जोडीने क्रूझवर नेणार होती. मुंबईहून बोटीत बसायचं, समुद्रात फिरायचं, परत मुंबईला उतरायचं. ग्रुपवर मेसेज आला, की त्यातल्या दोन रात्री 'फॉर्मल नाईट'. पुरुषांनी सूट घालायचा, बायकांनी गाऊन किंवा भारी साडी. चपला चालणार नाहीत. झालं, तेव्हापासून कोणाला दुसरं काही सुचेना. सावद्याकडच्या डीलरांनी कोट शिवायला टाकले. धुळ्याच्या बायका ऑनलाइन गाऊन मागवत होत्या, मापाला बसला नाही की परत पाठवत होत्या. वहिनींनी मीटिंग बोलावली ती यासाठीच, कोणी कुठल्या रात्री काय घालायचं ते ठरवायला.

हौस मलाही होती. सांगायला लाजत नाही. आम्ही पावरा आदिवासी, शिरपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. आमच्या गावात गाऊन म्हटला तर बायका घरात घालून फिरतात तो. पण मी धुळ्याला जाऊन वाइन कलरचं कापड घेतलं, लेडीज टेलरकडे पायघोळ गाऊन शिवायला टाकला. त्याचा फोटो मोबाइलमध्ये होता. यावर कसल्या सँडल घालू, एवढंच मला वहिनींना विचारायचं होतं. मोबाइल हातात धरून मी माझी पाळी यायची वाट बघत होते आणि पाळी आली ती अशी.

"पहिल्या फॉर्मल नाईटला कंपनीचे मोठे साहेब येणार आहेत," वहिनी म्हणाल्या. "आपल्या ग्रुपचं काहीतरी हटके पाहिजे. तू आणि तुझे मिस्टर हे घालून एंट्री मारा. त्यांच्या मापाचाही आणते. थोडं झिंगालाला करा. मजा येईल सगळ्यांना."

"आणि दुसऱ्या रात्री?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"दुसऱ्या रात्री घाल ना काहीही. तुला कोण बघतंय!"

मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. पिशवी उचलली आणि घरी आले.

तिथेच तोंडावर का नाही फेकली, असं लोक विचारतात. लोकांना विचारायला काय जातं? पावसाआधी कापसाच्या चालत्या वाणाची पाकिटं नेहमीच कमी पडतात. कोणाच्या दुकानाला किती सोडायची, ते शेठच्या हातात. माझ्या दुकानात ती पाकिटं नसली, की आमची माणसं शहरात जातात, जादा भाव देतात, वर दोन शिव्या खाऊन येतात. आणि एकदा तिकडे वळलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. कृषीची पदवी घेऊन मी गावात परतले, बापाने बैल विकून दुकान टाकून दिलं. ते दुकान शेठच्या मुठीत होतं. म्हणून जीभ चावून बसले.

दुसरंही एक कारण आहे. गप्प बसायची सवय मला फार लवकर लावली गेली.

आश्रमशाळेत गेले तेव्हा माझ्या गळ्यात चांदीची हसळी होती, पायात वाळे. आईने स्वतःची थोडी चांदी मोडून माझ्या मापाचे घडवलेले. अधीक्षिका बाईंनी पहिल्याच दिवशी मला मोरीजवळ नेलं. "हा जंगलातला अवतार इथे चालणार नाही," त्या म्हणाल्या. "माणसात आली आहेस, माणसासारखी राहा." हसळी निघाली. वाळे निघेनात. साबण चोळून ओढले. घोट्याची साल निघाली, तशी मी ओरडले, तर थोबाडीत बसली. आई भेटायला आली, की तिला फाटकाबाहेर बसवायचे. तिचं लुगडं आणि तिच्या अंगावरची चांदी बघून मुली बिघडतील म्हणे!

म्हणजे बघा. आमचं जे खरं होतं ते यांनी साल निघेपर्यंत ओढून काढलं. आणि आता यांच्या डोक्यातून निघालेलं खोटं आम्ही अंगावर चढवायचं, का, तर साहेबांचं जेवण रंगावं. त्या रात्री मला इतका राग आला, की भाकरी थापता थापता परात ढकलून दिली.

आईने पिशवी उघडून बघितली. तिला वाटलं, लग्नातल्या गाडीला लावायची सजावट आहे. मी म्हटलं, आई, हा आदिवासींचा ड्रेस आहे. तिने घागरा उलटापालटा करून पाहिला.

"कुठल्या?" ती म्हणाली.

मला हसू आलं आणि रडूही आलं. मग तिने तो पिसांचा मुकुट पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. आमच्यात होळीला नवस बोललेले पुरुष मोरपिसांचा टोप घालतात, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधतात, अंगावर राखेचे ठिपके काढतात. लहानपणी मी तापाने फणफणले होते, वाचेन असं कोणाला वाटत नव्हतं. बाप माझ्यासाठी नवस बोलला. तो फिटेपर्यंत गडी खाटेवर झोपला नाही, अंगाला पाणी लावलं नाही, गावोगावच्या होळ्या अनवाणी नाचला. पिसं डोक्यावर चढवणं आमच्यात असं असतं. आई एवढंच म्हणाली, की हे घरात ठेवू नको. मी पिशवी दुकानात नेऊन ठेवली.

नवरा म्हणाला, "जाऊच नको आपण."

"न जाऊन त्यांचं काय बिघडणार आहे? म्हणतील, पावरे बोटीला घाबरले. मी जाणार. आणि मी शिवलाय तोच घालणार."

"आणि पाकिटं?"

वहिनींची पिशवी मी दुकानातून आणली आणि गाऊनखाली बॅगेत टाकली.

बोटीवर पहिल्या फॉर्मल नाईटला संध्याकाळी मी गाऊन घातला. छान बसला होता. खोटं कशाला बोलू, मी मला आवडले. नवरा सुटात अवघडून उभा होता, टायची गाठ काही केल्या जमत नव्हती. मी मोबाइलवर बघून बांधून दिली. तेवढ्यात दार वाजलं. सोनेरी गाऊनमध्ये वहिनी.

"अगं, हे काय? ड्रेस कुठे आहे?"

"हाच ड्रेस आहे."

"मी दिलेला?"

"तो मी घालणार नाही."

"डान्स अनाउन्स झालाय!"

"मला न विचारता झालाय."

वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "गाऊन घातला म्हणून तू आमच्यासारखी झालीस काय?"

त्यांनी ते एकदाचं बोलून टाकलं, तेव्हा मला बरंच वाटलं. इतके दिवस मजा, हटके, एंट्री असं सगळं गोडगोड चाललं होतं. आता मला कळलं की मी कोणाशी बोलते आहे.

"तुमच्यासारखं मला व्हायचंच नाही," मी म्हटलं.

आवाज ऐकून शेठ आले. ते ओरडत नाहीत, त्यांना ओरडायची गरज पडत नाही. "हे बघ ताई, सीझन तोंडावर आहे. पाकिटं कोणाला सोडायची, ते मलाच बघायचं आहे. विचार कर." त्यांच्यामागे नाना उभे होते. धुळ्याकडचे म्हातारे डीलर, मला मुलीसारखं मानायचे. ते पुढे झाले. कळवळूनच, अहिराणीत बोलले.

"जाऊ दे ना माय. एक रातनी गोट शे. बठ्ठा हसतीन, तू बी हासी ले."

"नाना, तुमनी सूनले हाई नेसाडशात का?"

सुनेला हे नेसवाल का, या प्रश्नावर नाना खाली मान घालून निघून गेले. एवढी माया होती, पण त्यांच्या पायांना थांबावंसं वाटलं नाही.

मी पिशवी उचलली. नवऱ्याला म्हटलं, चल. हॉलमध्ये झुंबरं, पांढरे टेबलक्लॉथ, काटे-चमचे. माइकवाल्याने आम्हाला दारात बघितलं आणि सुरू झाला. "आता सातपुड्याच्या घनदाट जंगलातून..." मागे ढोलाचं रेकॉर्डिंग वाजलं. सगळ्या माना वळल्या. मी सरळ मोठ्या साहेबांच्या टेबलाजवळ गेले आणि पिशवीतला घागरा काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"साहेब, मी पावरा आहे. तुमचं बियाणं विकते. मला आज हा पाला नेसून तुमच्यापुढे नाचायला सांगितलं होतं. सोबत काळा रंगही होता. तो मला लागणार नाही, म्हणून हसत हसत काढून घेतला. आमच्या सातपुड्यात हे कोणी नेसत नाही. मीही नेसणार नाही."



साहेबांनी घागऱ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "अहो मॅडम, गंमत होती ती. मनावर घेऊ नका." आणि वेटरकडे वळून त्यांनी सूप मागवलं. बस. सिनेमात अशा वेळी कोणीतरी उठून टाळी वाजवतो. इथे कोणी उठलं नाही. एका बाईने तेवढा घागरा दोन बोटांनी उचलून खाली ठेवला, टेबलक्लॉथ खराब होऊ नये म्हणून. मी तो परत पिशवीत भरला आणि आम्ही आमच्या टेबलावर जाऊन जेवलो. मी पोटभर जेवले. मुद्दाम.

दुसऱ्या फॉर्मल नाईटला आमच्या टेबलावर आम्ही दोघंच होतो. मी तोच गाऊन घातला होता. मागून कोणीतरी म्हणालं, "एकच शिवलाय वाटतं." हो, एकच शिवला होता. दुसरी बाई जवळ आली, तिला माझा फोटो हवा होता, पण 'ओरिजिनल' ड्रेसमध्ये. आणला नाही का, म्हणाली. मी सांगितलं, "लुगडं आहे, चांदी आहे, घरी आहे. मला वाटेल तेव्हा मी घालते. तुम्हाला वाटेल तेव्हा नाही."

परत आल्यावर पिशवी घेऊन मी जळगावच्या त्या ड्रेसच्या दुकानात स्वतः गेले. दुकानदार भला माणूस. "मॅडम, कार्यक्रम झाला का छान?" असं विचारून त्याने घागरा मागच्या दांडीवर टांगायला नेला. मी बघितलं तर तिथे ओळीने हिरवे पाले लटकत होते. सगळे लहान मुलांच्या मापाचे. काही तर इतके आखूड, की बालवाडीतल्या लेकरालाच होतील.

"हे कोण नेतं?"

"शाळावाले, मॅडम. गॅदरिंगला. त्या दिवसांत पुरत नाहीत हो."

मी दांडीला हात लावून उभी राहिले. वहिनींवर मी किती चिडले होते! पण वहिनींना हे कोणीतरी शिकवलंच होतं. स्टेजवर उभं करून, तोंडाला काळं लावून, हुर्र हुर्र करायला लावून, वर टाळ्या वाजवून. आणि आमचीही लेकरं आता त्याच शाळांत जातात. खालच्या बाकावर बसून बघतात, की आपण असे असतो.

तिथून शेठच्या ऑफिसात गेले. शेठने चहा मागवला. "वहिनींना सॉरी म्हण. एवढंच. उद्या गाडी लावतो."

"नाही म्हटलं तर?"

"तर माल शिल्लक नाही."

"मग राहू द्या."

चहा तसाच ठेवून निघाले. संध्याकाळी दुकानावरची त्या कंपनीची पाटी उतरवली. दुसऱ्या कंपनीचं बियाणं आणलं आहे, लोकांना अजून त्याचा भरवसा नाही. काहीजण गेले शहरात, जादा भावाने घ्यायला. दुकान चालेल की बुडेल, आज मला सांगता येत नाही. भीती वाटते. वाटते तर वाटते.

एक मात्र सुरू केलं आहे. गॅदरिंगचे दिवस यायच्या आत तालुक्यातल्या एकेका शाळेत जाते, मुख्याध्यापकांना भेटते, लेकरांना हे पाले नेसवू नका म्हणते. परवा एकजण म्हणाले, "त्यात काय एवढं मॅडम, मुलं गोड दिसतात." मी म्हटलं, "तुमच्या मुलांना गोडच दाखवायचं असेल तर तुमचे कपडे घालून दाखवा." त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी बाहेर गेले आणि फाटकाशी उभी राहिले. शाळा सुटली, आयाबाया मुलांना न्यायला आल्या, तेव्हा एकेकीला थांबवून तेच सांगितलं. उद्या पुन्हा जाणार आहे.