साडूचं ताट अन् बायकोची सुरमई

दोन वर्सं आमच्या अकोल्यातल्या जठारपेठेच्या घरात मासा शिजला नाही, अन् त्याले कारण माहा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा आमच्याच वऱ्हाडातला, नांदगाव खंडेश्वरचा, पण रत्नागिरीत नोकरी लागली अन् लेकाचा शुद्ध बोलू लागला. बायकोनं हौसेनं रोहूचं कालवण केलं, तं यानं एक घास घेतला अन् चार पाहुण्यांदेखत ताट सरकवलं. म्हणे, "धरणाचा मासा हा, ताई. चिखलाचा वास येतो."

माहा सासरा काटेपूर्णा धरणात मासे धरे. त्याच माशांवर दोघी बहिणी वाढल्या. त्या दिवसापासून बायकोनं घरात मासा बंद केला. मी मनात म्हटलं, थांब लेका, तुले दाखवतोच.

यंदा त्यानंच आम्हा दोघायले रत्नागिरीले बोलावलं. खोल समुद्रात गळ टाकायले बोट ठरवली होती. मी गेलो ते त्याच्यापेक्षा मोठा मासा काढून त्याचं नाक कापायले. अन् झालं काय? किनारा दिसेनासा झाला अन् मीच आडवा! बाप्पा, सकायचे पोहे, चहा, सारं समुद्राले वाहिलं. साडू खो खो हसून राहिला, "अकोल्याचा वाघ झोपला!" असा संताप आला, पण मान वर करवत नव्हती.

तेवढ्यात बायको उठली. बोटीवरची गळाची काठी तिनं बाजूले ठेवली अन् हाताले पदर गुंडाळून नुसती दोरी धरली, बापासारखी. साडू तिलेई हसला. ती लय वेळ हालली नाही. मंग एकदम झटका, अन् हातभर सुरमई फळीवर आपटून राहिली.

साडूचा गळ तसाच रिकामा. तरी बेशरम म्हणे, "वा ताई! संध्याकाळी तुमच्या हातचं कालवण होऊन जाऊ द्या."

"नाही जवाईबुवा, माह्या हाताले चिखलाचा वास येते." अन् बोट चालवणाऱ्या तांडेलाले तिनं अख्खी सुरमई देऊन टाकली. "घरी न्या, दादा."

साडूचं तोंड पाहून माही मळमळ थांबली, खरं सांगतो.

अकोल्याले आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती बाजारातून रोहू घेऊन आली. चार तुकडे खाल्ले मी, घाम पुसत पुसत. रस्सा भुरकता भुरकता विचारलं, "साडूले बोलवू का जेवाले?"

"बोलवा ना," ती म्हणे. "वाढीन चांगलं. पहिला घास घेतला का ताट मी सरकवीन."