आतला कुत्रा

"आतला कुत्रा केवढा आहे, ते बघ." टेबलावर एखादं गुबगुबीत जनावर आलं की बाई आधी हेच म्हणायच्या आणि त्याच्या फासळ्यांत बोटं खुपसायच्या.

श्रीरामपुरातला तो दवाखाना बाईंचा. मी त्यांच्या हाताखालची डॉक्टर. कुत्र्यामांजरांना कृत्रिम श्वास देणारं एक यंत्र आमच्याकडे होतं. एका श्वासाला त्याने किती हवा ढकलायची, ते आपण ठरवायचं. कमी पडली तर जीव गुदमरतो, जास्त झाली तर फुप्फुसांना इजा होते. हे माप वजनावरून काढतात. पण कोणत्या वजनावरून, हा बाईंचा लाडका प्रश्न. "जाड झाला म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत. चरबीला श्वास लागत नाही गं!" बाई स्वतः चांगल्या ऐसपैस. हे म्हणताना त्या आपल्याच पोटावर थाप मारायच्या. तेव्हा हसावं की गप्प बसावं, हे मला बरेच दिवस कळलं नाही. तुम्ही असता तर तुमचीही पंचाईतच झाली असती.

एकदा कोपरगावकडचे एक काका आणि मावशी आपल्या शेरूला घेऊन आले. उसात त्याला मण्यार चावली होती. सापाच्या विषावरची लस आम्ही लगेच सुरू केली, पण विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडले होते, छाती हलेना. विष उतरेपर्यंत यंत्राशिवाय तो जगणार नव्हता. शेरू म्हणजे नुसतं पिंप. वजन विचारलं तर तशातही काका अभिमानाने म्हणाले, "चाळीस किलो हाय. परवाच कांद्याच्या काट्यावर घातला व्हता."

बाईंनी फासळ्या चाचपल्या. सापडेनात. मग कणा, पाय, पंजे दाबून पाहिले. "आतला पंचवीसचा आहे," त्या म्हणाल्या. त्या मापाने यंत्र लावलं आणि दुखऱ्या गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसून डोळे त्याच्या छातीच्या रेषेत आणले. छाती जेमतेम उचलली जात होती.

"एवढ्याशानं भागंल का वो त्याचं?" मावशी रडवेल्या झाल्या. "घरी लई जोरात धापा टाकतो त्यो."

"मावशी, त्याला दूधभाकरी किती घालता?"

"मागंल तेवढी."

"ते प्रेम पोटात मावतं, फुप्फुसात नाही मावत. तिथं मापानंच द्यायचं."

मावशीही बाईंशेजारी फरशीवर बसल्या. दोघी बराच वेळ ती छाती बघत राहिल्या.

दोन-तीन दिवसांनी शेरू आपला आपण श्वास घेऊ लागला. मावशींनी बाईंना मिठी मारली, पण हात काही पाठीला पुरेनात.

गेल्या हिवाळ्यात बाईंना न्यूमोनिया झाला. नगरच्या दवाखान्यात त्यांना यंत्रावर ठेवायची वेळ आली. ओळखीने मला आत सोडलं, तेव्हा एक तरुण डॉक्टर टेप घेऊन त्यांना डोक्यापासून टाचेपर्यंत मोजत होता.

"वजन नाही केलं?" मी विचारलं.

"माणसाला हवेचं माप उंचीवरून देतो, मॅडम. जाडीनं फुप्फुसं थोडीच वाढतात?"

मला एकदम हसू आलं आणि पाठोपाठ रडू. तो आतल्या बाईंना शोधत होता. मी वाकून डोळे त्यांच्या छातीच्या रेषेत आणले. चादर जेमतेम उचलली जात होती, अगदी मापात.

शुद्धीवर आल्या की ही टेपची गोष्ट त्यांना आधी सांगायची, असं मी ठरवलं होतं. पोटावर थाप मारून हसल्या असत्या. बाई शुद्धीवर आल्याच नाहीत. गोष्ट माझ्याजवळच राहिली.