दस्तगीर कंपाउंडर आणि शंकेची कॅप्सूल

दस्तगीर नदाफ गणपतराव डॉक्टरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं कंपाउंडर होता. औषधाच्या बाटलीला डोस दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवण्यात अख्ख्या भाऊसिंगजी रोडवर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण मोहल्ल्याला त्या पट्ट्यांचं काही पडलेलं नव्हतं. दस्तगीरला बाटलीवरची मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं वाचता येत, आणि तो खोटं बोलत नसे. या दोन गुणांनी त्याचं आयुष्य नासवलं.

दवाखाना सुटून तो घराकडे निघाला की वाटेत कुणी ना कुणी पिशवीतून बाटली काढून पुढं धरायचंच. "दस्तगीरभाई, ह्ये आमाला चालतंय काय?" मग रस्त्यात उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून तो वाची. त्याची उत्तरं तीनच. चालतं. चालत न्हाय. शक हाय. यातलं तिसरं उत्तर ऐकलं की माणूस त्याच्यावरच चिडायचा, जणू शंका यानंच बाटलीत ओतली होती. एका टॉनिकात दारूचा अंश आहे असं त्यानं एकदा प्रामाणिकपणे सांगितलं. मोहल्ल्यानं ते सोडलं आणि उद्यमनगरातल्या फाउंड्रीतला ज्ञानू दुसऱ्या दिवशी त्याच टॉनिकच्या तीन बाटल्या घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "दस्तगीर, तू औषध खपवतोस का बुडवतोस, तेच कळत नाही बघ."

चौऱ्याहत्तर साली त्याची थोरली बहीण जैतुनआपा आजारी पडली. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. ती चार पावलं चालली की धापा टाकायची, ओठ पांढरे पडलेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, ते फारच कमी भरलं, म्हणून कॅप्सूल लिहून दिल्या आणि दस्तगीरला बाजूला घेऊन सांगितलं, "तीन महिने चुकवायचं नाही. या थंडीत साधा न्यूमोनिया झाला तरी तिला झेपायचा नाही."

आपानं कॅप्सूल उजेडात धरून निरखली. अर्धी लाल, अर्धी काळी.

"दस्तू, ह्ये चकचकीत टोपान कशाचं हाय?"

इथं दुसऱ्या कुणीही 'कागदाचं' म्हणून सुटका करून घेतली असती. दस्तगीर म्हणाला, "जिलेटिनचं."

आपानं कॅप्सूल अशी टाकली, की ती घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेली. "जिलेटिन? शिरोळला हिरीत सुरुंग लावताना तुझ्या दाजींची दोन बोटं ज्यानं न्हेली, त्ये? आन ते मी गिळू? पोटात सुरुंग लावतोस व्हय रं भाड्या?"

"आपा, ते जिलेटिन निराळं. ह्ये उडत न्हाय."

"मग ह्ये कशाचं?"

"ह्ये हाडाचं असतंय," दस्तगीर म्हणाला, आणि आपण सुरुंगातून सुटून विहिरीत पडलो हे त्याला तिथल्या तिथं कळलं.

आपा सावरून बसली. "कंच्या जनावराच्या?"

"ठावं न्हाय."

"हलाल केल्यालं?"

"ठावं न्हाय, आपा. शक हाय."

"मग मी घेनार न्हाय."

दस्तगीर मौलवीसाहेबांकडं गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसरा इलाज नसेल आणि जिवावर बेतलं असेल तर माफी आहे, मात्र तसं जाणत्या डॉक्टरानं सांगायला हवं, असं ते म्हणाले. तो दवाखान्यात परतला. डॉक्टर म्हणाले, "जिवावर? अरे, औषध घेतलं तर खडखडीत बरी होईल की!" ते ऐकून आपा खूश झाली. "बघ. डॉक्टरच म्हनत्यात मी मरत न्हाय. मग मला माफी कशी?" म्हणजे औषध घेण्यासाठी तिनं आधी मरायला टेकायला हवं होतं, आणि टेकू नये म्हणून औषध हवं होतं. या दोन टोकांमध्ये दस्तगीरच्या चपला झिजल्या.

त्यानं मुंबईला कंपनीला इंग्रजीत पत्र घातलं: हाड कोणत्या जनावराचं? पाच आठवड्यांनी उत्तर आलं. आमचा माल उत्तम प्रतीचा आहे, असं त्यात लिहिलं होतं. सोबत एक कॅलेंडर होतं.

तोवर आपाला मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती. शेजारची शांतव्वा तिचा हात धरून नेई. ती पक्की लिंगायत, जन्मात अंडंसुद्धा न शिवलेली. हाडाची बातमी कळताच तिनंही नवऱ्याच्या कॅप्सूल दस्तगीरच्या हातावर आणून ठेवल्या होत्या. "आमचे हे आता औषधाकडं बघतसुद्धा न्हाईत. तूच निस्तर रे बाबा!"

कंपनीचं उत्तर आलं त्या दिवशी असरची, दुपार कलल्यावरची नमाज झाल्यावर दस्तगीर आपाच्या घरी आला. हात धुतले आणि पंच्यानं इतके पुसले की बोटं लाल झाली. बशी घेतली. कॅप्सूल दोन्हीकडून चिमटीत धरून अलगद उघडली, पूड बशीत पाडली आणि टोपणं कागदात गुंडाळून बाजूला ठेवली. दवाखान्यात रोज शंभर पुड्या बांधणारा माणूस, पण एवढ्याशा कामाला त्याच्या कपाळावर घाम आला.

"टोपनाला लागल्याली पूड हाय ती," आपा म्हणाली.

"पूड कोरडी हाय. टोपान कोरडं हाय. माझं हात कोरडं हाईत."

आपानं मान डोलावली. कोरड्याला कोरडं लागलं तर बाटत नाही, हा नियम तिला पक्का ठाऊक होता.

"आन ह्या पुडीत काय?"

"लोखंड."

"नक्की?"

"आपा," दस्तगीर म्हणाला. त्याच्या आवाजात बावीस वर्षांच्या सगळ्या बाटल्या होत्या. "डब्यावर लिवलंय, डॉक्टर सांगत्यात, मी वाचलंय. ह्यात शक न्हाय. लोखंडाला कोन सुरी लावतंय? त्याला ना मान, ना हाड. आता घे, न्हायतर मीच खातो आन हितंच आडवा हुतो."

आपा हसली. हसताना धाप लागली, म्हणून थांबली, आणि परत हसली. दस्तगीरनं मधात कालवून दिलेली पूड तिनं बोटानं चाटून घेतली. "इ! खिळा चाटल्यागत लागतंय की रं."

पण दस्तगीरनं ते ऐकलं नाही. भिंतीला टेकून, चष्मा नाकावर तसाच ठेवून तो झोपला होता. दारातून शांतव्वा मोठ्यानं विचारू लागली, "झालं काय गं? घेतलंस काय?" आपानं ओठांवर बोट ठेवलं, बशी पुन्हा पुढं ओढली आणि तिच्या काठाला उरलेली पूड पुसून खाऊन टाकली.